पाय पूर्वेला

सूर्य बाबांच्या पायाशी मावळत होता. झालं ते एवढंच. मार्चचा शेवटचा आठवडा, ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दफनभूमीत आले होते, कारण ईस्टरच्या आधी कबरीला चुना लावून घ्यायचा असतो आणि आईने सकाळपासून तीनदा आठवण केली होती. काम सांगून झालं, कबरी खणणारा इलियास मसीह बादली आणायला गेला, मी उभ्या उभ्या फोन बघत होते तर स्क्रीनवर ऊन आलं. वैतागून मान वर केली. समोर, कबरीच्या पायथ्याच्या बाजूला, भिंतीच्या वर तांबडा गोळा. क्षणभर बरं वाटलं बघून. मग डोक्यात आलं, की संध्याकाळ आहे. संध्याकाळी सूर्य कुठे असतो हे पहिलीतल्या पोराला कळतं. मी फोनमधलं होकायंत्र उघडलं, बाबांच्या दगडावर फोन आडवा ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. दगड पूर्वेला. दगड डोक्याशी असतो, म्हणजे डोकं पूर्वेला आणि पाय पश्चिमेला. माझ्या बापाला मी उलटं निजवलं होतं, आणि तीन वर्षं आईला सांगत होते, की हो गं बाई, पूर्वेलाच आहेत पाय, किती वेळा विचारशील.

ज्याला यात काही वाटत नाही त्याला काहीच वाटणार नाही. मलाही वाटायला नको होतं. शेहेचाळीस वर्षांची बाई, कृषी भवनात फायली हलवते, रविवारी चर्चला जाते ते आईला नेऊन आणायचं म्हणून. पण आमच्या गावाकडे, श्रीरामपूरजवळ, सगळ्या कबरींचे पाय एका दिशेला आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा मला हाताला धरून तिथे न्यायचे आणि एकेका हिवाळ्याची ओळख करून द्यायचे. आमचं आडनाव हिवाळे, त्यामुळे निम्मी दफनभूमी आमचीच. मी विचारलं होतं, सगळ्यांचे पाय तिकडेच का? बाबा म्हणाले, ‘‘प्रभू पूर्वेकडून येणार ना. कर्णा वाजला की सगळ्यांनी उठून बसायचं. उठलं की समोर तो. वळावं लागू नये.’’ इतकं सोपं. जणू सकाळी दूधवाला येतो तसा येणार. मी सात वर्षांची होते. दिल्लीला परतल्यावर आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये मी माझी कॉट ओढून ओढून पाय पूर्वेला केले, आणि पहाटे पेपरवाल्याचा पेपर गॅलरीत धप्पकन पडला की मी ताडकन उठून बसायचे. समोर खिडकी. आईने एकदा साफसफाईत कॉट फिरवली तर मी उठून बसले ती कपाटाकडे तोंड करून, आणि अशी काही किंचाळले की शेजारच्या चड्ढा आंटी धावत आल्या. काय झालं हे मला सांगता येईना. वाटलं होतं की तो येऊन गेला, सगळे त्याच्याबरोबर गेले, आणि मी एकटी कपाटाकडे बघत राहिले.

‘‘मैडम, दरवाज़े की तरफ़ भी लगा दूँ चूना?’’ इलियास विचारत होता. मी म्हटलं, ‘‘भैया, ये उल्टा है.’’ तो बादली खाली ठेवून कबरीकडे बघायला लागला. कबरीकडे कमी, माझ्याकडे जास्त. मग म्हणाला, ‘‘जी.’’ नुसतं जी. मी म्हटलं, ‘‘आपको पता था?’’ ‘‘पता तो उसी दिन था मैडम. दो बार पूछा था मैंने. आप बोलीं, मुझे मत सिखाइए.’’

बोलले होते. शब्दन् शब्द बोलले होते. जानेवारी, असं धुकं की दिल्लीतल्याच द्वारकेहून निघालेली गाडी अडीच तासांनी पोचली. बाबा आदल्या दिवशी दुपारी जेवणाच्या ताटावरच गेले, भाताचा घास हातात. आई तेव्हा खुब्याचं हाड मोडून हॉस्पिटलात, तिला उठता येईना, तिने फक्त माझं मनगट पकडून सांगितलं, ‘‘पाय पूर्वेला. बाकी काही बघू नकोस, एवढं बघ.’’ आणि खड्ड्याच्या काठावर इलियासने विचारलं, ‘‘पाँव किधर करूँ?’’ या जुन्या दफनभूमीत जागाच नाही. जिथे जशी मिळाली तशी कबर, कुणाची उभी, कुणाची आडवी, दुसऱ्याच्या बघून काही कळावं तर तेही नाही. सूर्य म्हणाल तर दोन दिवस दिसला नव्हता. मी इकडे तिकडे बघितलं आणि धुक्यात मला दफनभूमीतलं ते छोटं चॅपल दिसलं, उघड्या दारातून आतली वेदी, वेदीवरची मेणबत्ती. वेदी म्हणजे पूर्व! लहानपणापासून हेच शिकवलेलं, चर्चमध्ये आपण पूर्वेकडे तोंड करून बसतो. मी हात केला. इलियास म्हणाला, ‘‘पक्का, मैडम?’’ आणि मी त्याच्यावर खेकसले. हे चॅपल कुणीतरी रस्त्याच्या सोयीने बांधलंय, दार पूर्वेला, वेदी पश्चिमेला, हे मला आज, होकायंत्र हातात धरून चॅपलच्या पायरीवर उभी राहिल्यावर कळलं. दर वर्षी पुण्यतिथीला यायचे तीही जानेवारीत, धुक्यात; चुन्याचं आजवर फोनवरच सांगून व्हायचं. देवाधर्माचं एवढंच येत होतं मला, वेदी कुठे असते ते, आणि तेवढ्यानेच घात केला. देवाधर्माचं काही न कळणारा कुणी असता तर त्याने गुपचूप फोनमध्ये बघितलं असतं.

घरी आले तर आई बेडवर उशांना टेकून बसली होती. आता ती आडवी झोपत नाही, आडवं झालं की पाणी छातीत चढतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलंय, पावसाळा दिसला तर दिसला. आईला न सांगताच कळलंय, ती त्याबद्दल बोलतही नाही. तिच्या उशाशी फोनमधून छापून घेतलेला बाबांच्या कबरीचा फोटो आहे, मीच काढलेला, दगड आणि शेजारी मोगरा. कमिटीचा नियम असा, की घरातलं दुसरं माणूस त्याच कबरीत वर ठेवता येतं; पहिल्या वेळी खोल खणून घेतात. तो फॉर्म आईने स्वतः भरलाय, सहीच्या खाली तारीख टाकून. तिला आता एवढंच हवंय. भाऊसाहेबांच्या, म्हणजे बाबांच्या, कुशीत निजायचं आणि त्यांच्याबरोबर उठायचं. लोक मुंबईला फ्लॅट घेतात, आमच्या आईने हे घेऊन ठेवलंय. ‘‘चुना लावला का?’’ तिने विचारलं. लावला म्हटलं. ‘‘हेमा, यंदा मी येणार आहे ईस्टरला. पहाटेची उपासना तिथेच असते ना, कबरींमध्ये. मला बघायचाय एकदा सूर्य वर येताना. त्यांच्या पायाशी.’’

माझ्या हातात चहाचं पातेलं होतं. ते मी ओट्यावर ठेवलं आणि गॅस बंद केला, मग लक्षात आलं की चहा झालेलाच नाही, मग परत लावला. आई म्हणाली, ‘‘काय गं?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही. तुला एवढ्या पहाटे झेपणार आहे का? थंडी असते.’’ ‘‘एप्रिलात कसली थंडी?’’ ती म्हणाली, आणि हसली, आणि हसताना खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. तिच्या पाठीची हाडं मोजता येतील अशी झालीत. मला त्याच क्षणी सांगून टाकता आलं असतं. आई, बाबा उलटे आहेत. चार शब्द. पण सांगून काय होणार होतं? काढता तर येत नाहीत, इलियासनेच सांगितलं, सरकारी परवानगी लागते आणि ती असल्या कारणाला कोण देणार. मग तिने उरलेले महिने काय करायचं? उशांना टेकून बसायचं आणि विचार करायचा, की कर्णा वाजला, सगळे उठले, आणि हा एक माणूस भिंतीकडे तोंड करून बसलाय, त्याच्या बायकोला पाठमोरा, देवाला पाठमोरा. मी किंचाळले होते तशी ती किंचाळणार नाही. ती गप्प राहील. ते मला सहन होणार नाही.

परीक्षितला सांगितलं, माझ्या नवऱ्याला. तो सांगलीचा, हिंदू, त्याच्या घरच्यांच्या अस्थी कृष्णेत वाहून गेलेल्या, आणि तो या बाबतीत नेहमी शहाणपणाचंच बोलतो. ‘‘अगं, जो देव मेलेल्या माणसाला उठवणार, त्याला त्याचं तोंड फिरवता येणार नाही का?’’ बरोबर आहे. बिल्कुल बरोबर आहे. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, शास्त्रात दिशेचं कुठे आहे म्हणून. माझा विश्वास नाही असंच मी वीस वर्षं धरून चाललेय, मग मला कशाला घाम फुटावा? पण रात्री कूस बदलली की माझे पाय कुठे आहेत हे मला कळायचं. आमच्या सेक्टर बाराच्या फ्लॅटमध्ये बेड उत्तर-दक्षिण आहे. मी झोपेत तिरकी व्हायला लागले. परीक्षित म्हणाला, ‘‘यार हेमा, लाथा नको मारूस.’’ मेट्रोत बसले की ब्लू लाइन वळण घ्यायची आणि मी मनात दिशा लावत बसायचे. आता पूर्व उजवीकडे, आता समोर, आता पाठीमागे. उत्तमनगरहून पुढे गाडी बराच वेळ पूर्वेकडे जाते. डबाभर माणसं पूर्वेकडे चाललीत आणि सगळी एकमेकांकडे तोंड करून बसलीत, दिशेचं कुणाला पडलेलं नाही. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला. आणि रागही आला, बाबांचा. कशाला शिकवलंत मला? वळावं लागू नये म्हणे. तुम्ही स्वतः कधी न वळता कुठे पोचलात?

कारण आमच्या बाबांना दिशा म्हणून कळायची नाही. अडतीस वर्षं दिल्लीत काढली आणि कॅनॉट प्लेसमधून हा माणूस एकदाही सरळ बाहेर पडला नाही. गोलात शिरले की संपलं. मेट्रो आली तेव्हा तर कहर. राजीव चौकला कुठल्याही गेटने वर यायचे आणि छातीठोकपणे उलट्या बाजूला चालायला लागायचे, हातात छत्री, मान ताठ. आई मागून शांतपणे चालत जायची, कोपराला धरायची आणि म्हणायची, ‘‘अहो, इकडे.’’ ते वळायचे. कधी वाद नाही, कधी वरमणं नाही. जणू हेच ठरलेलं होतं, त्यांनी चुकायचं आणि तिने वळवायचं. लहान होते तेव्हा मला याची लाज वाटायची.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी, आई आत प्रार्थनेला बसली असताना, मी चर्चच्या पार्किंगमधून इलियासला फोन केला. ‘‘भैया, पत्थर दूसरी तरफ़ लग सकता है?’’ पलीकडून बादली ठेवल्याचा आवाज. मग, ‘‘पत्थर तो सरक जाएगा मैडम. दो आदमी लगेंगे. पर साहब तो वैसे ही रहेंगे.’’ मी म्हटलं, ते मला माहीत आहे. ‘‘और माँजी का जब… तब?’’ मी गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिले. ‘‘बता दो न माँजी को,’’ तो म्हणाला, ‘‘बड़ी उमर के लोग सह लेते हैं.’’ मला त्याचा असा संताप आला, परत म्हणणार होते मुझे मत सिखाइए, ओठांवर आलं होतं. गिळलं. ‘‘शनिवार तक कर दीजिए,’’ म्हटलं. आतून लोक हातात झावळ्या घेऊन बाहेर येत होते, आई व्हीलचेअरवर, तिच्या मांडीवर झावळीचा क्रूस. तिने तो मला दिला. मी तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला आणि मागे न बघता गाडी मागे घेतली, तर कुणाच्या तरी स्कूटरला लागली.

पुढचा आठवडा मी आईशी नको इतकी गोड वागले. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ती म्हणाली, ‘‘तुझं काय बिनसलंय?’’ ‘‘कुठे काय?’’ ‘‘तू गोड बोलायला लागलीस की मला भीती वाटते.’’ शनिवारी संध्याकाळी इलियासचा मेसेज आला, हो गया मैडम. खाली जोडलेल्या हातांचं चित्र. मी हिशेब केला: दगड आता पश्चिमेला, आई दगडाशी बसेल, सूर्य येईल तो दगडाच्या समोरून, पायाशी. सगळं जिथल्या तिथे दिसेल. आणि पुढे? पुढे आईला दगडाच्या बाजूला डोकं करून ठेवतील, बाबांच्या बरोबर उलट, आणि ते मला एकटीला माहीत असेल. मला आणि इलियासला. अशी कितीतरी माणसं कितीतरी गोष्टी घेऊन जगतात. जगेन.

ईस्टरला चारला उठलो. आईने ठेवणीतली मोतिया रंगाची साडी नेसली, नेसवली म्हणायला हवं, परीक्षितने तिला उचलून गाडीत बसवलं आणि व्हीलचेअर डिकीत टाकली. रस्ते रिकामे होते. दफनभूमीत शंभरेक माणसं जमली होती, मेणबत्त्या घेऊन, बहुतेक हिंदी बोलणारी, पंजाबकडची. परीक्षित गाडी लावायला गेला. पाळकांनी हात वर करून म्हटलं, ‘‘प्रभु जी उठा है!’’ आणि सगळे एकदम, ‘‘सचमुच जी उठा है!’’ त्यांचं म्हणून झाल्यावर, एका क्षणाने, आईचा बारीक आवाज आला, ‘‘खरोखर उठला आहे.’’ मराठीत, एकटीचा. दोन-तीन जणांनी वळून बघितलं. मी तिची खुर्ची ढकलत कबरींमधून नेली, खड्ड्यांतून, हळूहळू. उजाडत होतं. चुना लावलेल्या कबरी आधी दिसायला लागल्या, मग झाडं, मग नावं. बाबांचा दगड जागेवर होता. म्हणजे नव्या जागेवर. इलियासने काम चोख केलं होतं, जुन्या जागेवर माती थापून वर चुनाही फिरवला होता. तो स्वतः लांब कडुनिंबाखाली उभा होता. मी खुर्ची दगडाजवळ लावली, ब्रेक लावला, आणि सूर्याची वाट बघत उभी राहिले. आला. समोरच्या झाडांतून, नेमका समोरून. मी हळूच आईकडे बघितलं.

आई सूर्याकडे बघत नव्हती. ती कबरीच्या पलीकडच्या टोकाला बघत होती. तिथे मोगरा होता. दिल्लीच्या उन्हातही तगलेला, कमरेपर्यंत वाढलेला, पांढऱ्या कळ्यांनी भरलेला. तिनेच पहिल्या वर्षी कुंडीतली फांदी काढून दिली होती, डोक्याशी लाव म्हणून. मी डोक्याशी लावला होता. फोटोत तो दगडाच्या शेजारी होता, तीन वर्षं तिच्या उशाशी. मी सगळा विचार केला आणि मोगरा विसरले.

‘‘दगड हलवलास,’’ आई म्हणाली. मी वाकून खुर्चीचा ब्रेक परत तपासला. ‘‘हेमे, मी तुझ्याशी बोलतेय.’’ ‘‘हो,’’ म्हटलं. ‘‘म्हणजे त्यांचं डोकं तिकडे आहे.’’ ‘‘हो.’’ ‘‘पहिल्यापासून?’’ मग माझा बांधच फुटला. धुकं, चॅपल, वेदी, इलियासने दोनदा विचारलं ते, मी खेकसले ते, सगळं, उभ्याने, हुंदके देत, नाक पुसत. ‘‘चुकलं गं माझं. तू एवढं एकच सांगितलं होतंस.’’ शेजारच्या कबरीवर मेणबत्ती लावणारी बाई तोंड वळवून बसली. आईचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते. ‘‘दिशा चुकली ते चुकली,’’ ती म्हणाली, ‘‘तू त्यांचीच मुलगी. पण मला फसवायला निघालीस? मी मेल्यावर मला भलतीकडे डोकं करून ठेवणार होतीस आणि घरी जाऊन जेवणार होतीस?’’ इतक्या दिवसांत तिचा आवाज एवढा मोठा झाला नव्हता. तिला धाप लागली. मी पाण्याची बाटली पुढे केली, तिने ती हाताने दूर केली. मला वाटलं आता हिला इथेच काही होणार, आणि शेवटचं बोलणं हे असणार.

बराच वेळ ती कबरीकडे बघत राहिली. मान एकदा मोगऱ्याकडे, एकदा दगडाकडे. ओठ हलत होते, प्रार्थना असावी असं मला वाटलं. मग कळलं की ती मापं घेतेय. बोटाने हवेत तिने एक रेघ मारली, मग तिच्या उलट दुसरी. ‘‘त्यांचं डोकं तिकडे,’’ ती म्हणाली. ‘‘माझं इकडे, बरोबर आहे तसं. माझे पाय पूर्वेला. म्हणजे कर्णा वाजला, मी उठून बसले, तर माझ्यासमोर कोण?’’ मी नाक पुसायचं थांबले. ‘‘हे,’’ आई म्हणाली. ‘‘आधी हे. तोंडासमोर तोंड. बसलेले असतील भिंतीकडे बघत, मान ताठ करून.’’ तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचं सुचत नव्हतं. ‘‘म्हणेन, अहो, इकडे.’’

ती हसायला लागली, खोकायला लागली, मी खाली बसून तिचे गुडघे धरले. खोकला थांबल्यावर तिने पाणी मागून घेतलं. मग म्हणाली, ‘‘दगड परत होता तिथे ठेवायला सांग. प्रभूसमोर खोटं नको.’’ मी इलियासला हात केला. तो चपला वाजवत आला, माँजीला नमस्कार केला, आणि ऐकून नुसतं म्हणाला, ‘‘जी.’’

‘‘आता पूर्व दाखव मला,’’ आई म्हणाली. मी सूर्याकडे हात केला. आता तो झाडांच्या वर आला होता, बघवत नव्हता. ‘‘आणि त्या दिवशी धुकं असलं तर?’’ ‘‘तर दगडाकडे पाय,’’ मी म्हटलं. ‘‘बाबांच्या दगडाकडे तुझे पाय.’’ ‘‘हां.’’ तिने पदर सावरला. ‘‘नवऱ्याच्या डोक्याकडे पाय करून निजायचं. माझी सासू असती तर उठून आली असती.’’ मग माझं मनगट पकडलं, हॉस्पिटलात पकडलं होतं तसंच, पण आता पकडीत जोर नव्हता. ‘‘परत म्हण.’’

‘‘दगडाकडे पाय,’’ मी म्हटलं.